कलकत्त्याने गिरविलेला विजेचा धडा

शाळेच्या क्रमिक पुस्तकात विजेचा धडा बहुधा व्याख्येने सुरू होतो. विद्युत्प्रवाह म्हणजे काय, वाहक कशास म्हणावे, विरोधक कशास म्हणावे, चुंबकाची टोके किती, हे सारे मूल पाठ करते आणि परीक्षेत उतरवून मोकळे होते. त्यानंतर घरातील बटण दाबले की दिवा का लागतो, असे त्यास विचारले तर ते बहुधा गप्प बसते. हा दोष मुलाचा नव्हे. धड्याच्या क्रमाचा आहे. मनुष्यजातीस वीज या क्रमाने कळलेली नाही. तिला आधी झटका बसला, मग सुई हलताना दिसली, मग तार टाकता आली, मग दिवा लागला. नियम आणि नावे मागाहून आली.

हा खरा क्रम आपल्या देशात कोठे पाहावयाचा असेल तर तो कलकत्त्यात. नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेल्या आपणा मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आपली मुले शाळेत इंग्रजीतून शिकतात, गल्लीत बंगालीतून खेळतात आणि घरी मराठीतून बोलतात. विजेचा धडा या तिन्ही भाषांच्या फटीत हरवून जाण्याचा संभव असतो. परंतु ज्या शहरात ती वावरतात, त्या शहरानेच हा धडा एकेकाळी पहिल्या अक्षरापासून गिरविला आहे. तो इतिहास ठाऊक असला तर निम्मे शिकविणे आपोआप होते.

प्रथम थोडी जगाची पार्श्वभूमी पाहू. आकाशातील वीज आणि घर्षणाने उत्पन्न होणारी वीज ही एकच वस्तू आहे, हे इ. स. १७५२ च्या सुमारास फ्रँक्लिनच्या सूचनेवरून झालेल्या प्रयोगांनी ठरले. १८०० मध्ये इटलीतील व्होल्टाने धातूच्या चकत्या आणि खारवलेल्या पाण्यात भिजविलेले तुकडे एकावर एक रचून अखंड वाहणारी वीज मिळविली. १८२० मध्ये कोपनहेगनचा प्राध्यापक ओर्स्टेड यास असे दिसले की, तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते. वीज आणि चुंबकत्व या तोपर्यंत वेगळ्या मानलेल्या दोन शक्तींची सोयरीक त्या दिवशी जुळली. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने याच्या उलट बाजू दाखविली: तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला तर तारेत वीज उत्पन्न होते. हा फॅरडे लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार. रसायनाची गोडी त्यास लागली ती जेन मार्सेट या बाईंनी सोप्या संवादांच्या रूपाने लिहिलेले पुस्तक बांधणीस आले असता वाचून. मराठीतही हरि केशवजी पाठारे यांनी १८३७ सालीच ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’ मुंबईत सिद्ध केले होते, हे येथे आठवणीने नमूद करावेसे वाटते. शास्त्र बोलीच्या ओघात सांगता येते, हा विश्वास आपल्या भाषेने फार लवकर दाखविला होता.

आता कलकत्त्याकडे वळू. १८३३ मध्ये विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचा तरुण आयरिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरीत येथे आला. पटकीच्या रोग्याच्या रक्तातून पाणी आणि क्षार नाहीसे होतात, हे त्याने १८३१ च्या सुमारासच पृथक्करण करून दाखविले होते. १८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज निघाले आणि तो तेथे रसायनाचा अध्यापक झाला. त्याचे खरे वेड मात्र विजेचे होते. १८३९ मध्ये त्याने गंगेच्या पलीकडे, शिबपूरच्या वनस्पती उद्यानाच्या परिसरात, बांबू रोवून त्यांवर तेरा मैलांहून अधिक लांबीची तार येरझारा घालीत ताणली. युरोप-अमेरिकेतही तारायंत्र त्या वेळी नुकते पाळण्यात होते. इंग्लंडमध्ये पहिली लहानशी व्यापारी ओळ त्याच वर्षी चालू झाली होती आणि मोर्सची सुप्रसिद्ध वॉशिंग्टन–बाल्टिमोर तार निघण्यास पाच वर्षे अवकाश होता.

त्या पहिल्या प्रयोगात संदेश वाचण्याचे साधन काय होते? मनुष्याचे बोट. एका टोकाला फॅरडेच्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रातून विजेचे ठोके सोडावयाचे आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या मनुष्याने तारेची टोके बोटांनी धरून ते झटके मोजावयाचे! आज हे हास्यास्पद वाटेल. पण शिक्षणाच्या दृष्टीने यात मोठे मर्म आहे. वीज डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही, वजन नाही. ती ओळखावयाची ती तिच्या परिणामावरून. पहिला परिणाम शरीराने ओळखला, म्हणून पहिले विद्युत्‌मापक यंत्र मनुष्याचे शरीर ठरले.

दुसरा प्रश्न नदीचा होता. हुगळीचे पात्र ओलांडल्यावाचून तार कोठेच जाऊ शकत नव्हती आणि पाणी तर विजेला वाट देते. ओशॉनेसीने तारेस डांबराचा लेप दिला, ती चिरलेल्या वेतात बसविली, वरून डांबरलेला दोर गुंडाळला आणि नदीच्या तळाशी सोडली. वेत, डांबर आणि दोर ही नावाड्याच्या घरची सामग्री. वाहक आणि विरोधक यांचा धडा याहून स्पष्ट कोणता असणार? तांब्या-लोखंडातून वीज धावते. डांबरातून आणि कोरड्या वेतातून धावत नाही. म्हणून धावणाऱ्यास न धावणाऱ्याच्या कोषात ठेवावे. त्याने याच्या उलटही करून पाहिले. काही प्रयोगांत परतीची तार काढून टाकली आणि नदीचे पाणी हेच मंडलाचे दुसरे अंग केले. विजेस जाण्याचीच नव्हे तर परत येण्याचीही वाट लागते, हा नियम हुगळीच्या पाण्याने शिकविला.

या प्रयोगांचा वृत्तान्त त्याच वर्षी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सुमारे दहा वर्षे सरकारदरबारी कोणी त्याची दखल घेतली नाही. ती घेतली लॉर्ड डलहौसीने. ज्या डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि पुढे १८५४ मध्ये नागपूर खालसा केले, त्याच्याविषयी मराठी मनात प्रेम असण्याचे कारण नाही. परंतु ज्या हाताने संस्थाने गिळली त्याच हाताने तारायंत्रास मंजुरी दिली आणि या दोन गोष्टींत विरोध नव्हता. दूरवरचे राज्य ताब्यात ठेवावयाचे तर बातमी घोड्याच्या आधी पोचली पाहिजे, हे त्याने ओळखले होते. १८५० च्या अखेरीस कलकत्ता ते डायमंड हार्बर या सुमारे तीस मैलांच्या ओळीचे काम सुरू झाले आणि १८५१ मध्ये ती सरकारी कामास लागली.

या ओळीत बारीक तारेऐवजी तीन सूत जाडीची लोखंडी सळई वापरली होती. आपल्याकडील वादळे, तारेवर बसणारी घारी-गिधाडे आणि उड्या मारणारी वानरे यांच्यापुढे नाजूक तार टिकणार नाही, असा ओशॉनेसीचा हिशेब होता. जाड सळईचा दुसराही गुण होता. नळ जितका रुंद तितके पाणी सहज वाहते, तद्वत वाहक जितका जाड तितका विजेस विरोध कमी. आता संदेश बोटाने नव्हे तर डोळ्याने वाचला जाऊ लागला. तारेच्या वेटोळ्यात टांगलेली एक लहानशी चुंबकसुई वीज एका बाजूने आली की डावीकडे आणि उलटी आली की उजवीकडे कलत असे. त्या कलांची अक्षरे बनत. ओर्स्टेडने कोपनहेगनला पाहिलेला चमत्कार तीस वर्षांनी कलकत्त्याच्या कचेरीत कारकुनाचे रोजचे काम झाला. पुढे मोर्सची यंत्रे आली. पण हिंदुस्थानातील पहिल्या तारा या सुईनेच सांगितल्या.

या कथेतील सर्वांत महत्त्वाचा विद्यार्थी मात्र ओशॉनेसी नव्हे. त्याचे नाव शिवचंद्र नंदी. १८४६ मध्ये हा बंगाली तरुण कलकत्त्याच्या टांकसाळीत ओशॉनेसीच्या हाताखाली नोकरीस लागला. विद्युत्‌शास्त्राची पदवी त्याच्यापाशी नव्हती. त्या काळी ती कोठेच मिळत नव्हती. पाहून, हाताळून आणि चुकतमाकत तो शिकला. डायमंड हार्बरहून पहिला संकेत त्यानेच पाठविला आणि कलकत्त्यात तो ओशॉनेसीने घेतला. पुढे देशभर तारांचे जाळे विणले जाऊ लागले तेव्हा नवशिक्यांस तयार करण्याचे आणि शेकडो मैलांच्या ओळी टाकण्याचे काम त्याच्याकडे आले. पद्मा नदीच्या अफाट पात्रात तार सोडण्यासाठी योग्य जहाज मिळेना, तेव्हा त्याने कोळ्यांच्या होड्यांवरून ती सोडली. लोखंडी खांब मिळेनात, तेव्हा ताडाच्या झाडांचे सोट उभे केले. १८८३ मध्ये सरकारने त्यास रायबहादूर केले. मानाची पदवी मिळाली खरी; पण तारायंत्राच्या इतिहासात ओशॉनेसीच्या नावामागे त्याचे नाव जितक्या ठळकपणे यावयास हवे होते तितके आले नाही. हाताने शिकलेल्या मनुष्याची विद्या आपल्याकडे विद्या म्हणून मोजली जात नाही, याचेच हे एक उदाहरण.

तारेचा उपयोग लवकरच दिसून आला. १८५२ च्या एप्रिलमध्ये रंगून इंग्रजांच्या हाती पडल्याची बातमी घेऊन आलेले जहाज नदीमुखाशी खेजुरीजवळ पोचताच ती तारेने कलकत्त्यास कळली आणि जहाज धक्क्याला लागण्यापूर्वी शहरात जाहीर झाली. १८५४ च्या मार्चमध्ये कलकत्ता–आग्रा ओळ खुली झाली. तेथून ती मुंबईस जोडली गेली आणि १८५५ पासून पैसे भरून कोणासही तार करता येऊ लागली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे ‘तार आली’ या दोन शब्दांनी मराठी घरांत चुलीवरचे भांडे तसेच राही. बदलीचा हुकूम, मुलाचा जन्म, वडिलांचे आजारपण हे सारे याच वाटेने परप्रांतीच्या बिऱ्हाडी येई. २०१३ च्या जुलैमध्ये ती सेवा बंद झाली. त्यानंतर वाढलेल्या मुलांना ‘तार करणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ समजावून सांगावा लागतो. आणि तो सांगताना वीज, चुंबक आणि सुई यांचा सगळा धडा सांगून होतो, ही त्यातील सोय आहे.

तारायंत्राने वीज सरकारच्या कामी लावली. तिचे शास्त्र आपल्या लोकांनी आपल्या बुद्धीने शोधावे, ही आकांक्षा मागाहून आली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी २९ जुलै १८७६ रोजी बहूबाजारात ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली, ती याच हेतूने. त्यांस साहाय्य होते सेंट झेवियर्स कॉलेजातील बेल्जियन पाद्री फादर लाफों यांचे. लाफों यांची व्याख्याने म्हणजे टेबलावर मांडलेल्या उपकरणांचे खेळच असत. याच संस्थेत १९०७ पासून एक तरुण अधिकारी कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर येऊन प्रयोग करीत बसे. तो हिशेब खात्यातील नोकरीवर मद्रासेकडून आलेला होता. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. बदलीच्या गावी मन रमत नाही असे म्हणणाऱ्या आपणांपैकी प्रत्येकाने हे उदाहरण उशाशी ठेवावे.

लाफों यांच्या हाताखाली शिकलेल्या जगदीशचंद्र बसूंनी विजेची कथा आणखी पुढे नेली. फॅरडेच्या कल्पनांस मॅक्सवेलने गणिताचे रूप दिले होते. कंप पावणारी वीज आणि कंप पावणारे चुंबकत्व मिळून एक लाट बनते आणि ती तारेवाचून अवकाशातून धावते, असे त्याने भाकीत केले होते. हर्ट्झने ती लाट प्रत्यक्ष दाखविली होती. बसूंनी प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका लहानशा जागेत स्थानिक कारागिराच्या मदतीने उपकरणे घडवून काही मिलिमीटर लांबीच्या लाटा उत्पन्न केल्या. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तारेवाचून दूरवरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. त्यांची साधने पाहिली म्हणजे ओशॉनेसीच्या वेताची आणि नंदींच्या ताडाची आठवण होते. लाट कोणत्या प्रतलात कंप पावते हे तपासण्यासाठी त्यांनी पानापानांत कथिलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक वापरले, आणि त्या कंपाचे प्रतल वळविण्यासाठी बंगालच्या तागाची पिळलेली जुडी! प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान होत नाही, हे म्हणणे या शहरात तरी कोणी करू नये.

बसूंचे वडील स्वतः सरकारी अधिकारी होते. त्यांनी मुलास आधी गावच्या बंगाली पाठशाळेत घातले, इंग्रजी मागाहून. पुढे बसूंनी आपल्या ‘अव्यक्त’ या १९२१ च्या संग्रहात अदृश्य प्रकाशाची गोष्ट सरळ बंगालीत सांगितली. १९१७ मध्ये स्थापिलेल्या आपल्या विज्ञानमंदिराचे चिन्ह म्हणून त्यांनी वज्र निवडले, दधीचीच्या अस्थींचे इंद्राचे वज्र. आकाशातील विजेस आपल्या पूर्वजांनी दिलेले रूप शास्त्राच्या देव्हाऱ्यात बसविण्याचे औचित्य त्यांस साधले.

शेवटी वीज रस्त्यावर आणि घरात आली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या विद्युत्‌प्रकाशासाठी कायदा झाला. १८९७ मध्ये परवाना मिळालेल्या कंपनीने १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये आपले पहिले वीजघर सुरू केले. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली ट्राम १९०२ मध्ये एस्प्लनेड ते खिदिरपूर या मार्गावर विजेवर धावू लागली. मद्रासने याबाबतीत १८९५ मध्येच आघाडी घेतली होती. परंतु ट्राम शहराच्या जिवाशी जडली ती कलकत्त्याच्या. त्या जाळ्याचा आता थोडाच अवशेष उरला असला, तरी मुलांना दाखविण्यासाठी तो पुरेसा आहे. डोक्यावरच्या तारेतून वीज दांडीवाटे खाली येते, चाकांजवळच्या यंत्रातून जाते आणि रुळांवाटे परत फिरते. म्हणजे पुन्हा तेच: जाण्याची वाट, येण्याची वाट. यंत्रात वेटोळे फिरते, कारण वीज वाहणाऱ्या तारेस चुंबक ढकलतो. डायमंड हार्बरच्या सुईला जिने कलविले तीच शक्ती येथे प्रवाशांनी भरलेला डबा ओढते.

या नात्याचा मासलेवाईक पुरावा आपल्या कोकणात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ त्या वेधशाळेचा कारभार पाहिला होता. मुंबईत विजेच्या ट्रामची योजना निघाली तेव्हा रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह त्या नाजूक सुया बिघडविणार, हे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी जाणले. म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागेस नेण्यात आली आणि तिच्या इमारती लोखंडाचा अंश टाळून, चुंबकीय दोष नसलेला पोरबंदरी दगड आणून बांधल्या गेल्या. मुंबईची विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. ओर्स्टेडच्या सुईचा एवढा मोठा मान क्वचितच कोणी राखला असेल.

आता भाषेचा प्रश्न. बंगालीत आकाशातून पडतो तो ‘बाज’, म्हणजे मुळातले वज्र. पुस्तकात असते ती ‘तडित’ किंवा ‘विद्युत’. आणि घरातून जाते ते ‘कारेन्ट’. मराठीत मात्र झाडावर पडते ती वीज, घरातून जाते तीही वीज आणि हातातल्या दिव्यास म्हणावयाचे विजेरी. फ्रँक्लिनच्या काळी युरोपास जे सिद्ध करावे लागले ते आपली बोली रोज सांगते. बंगालीची श्रीमंती वेगळी आहे. अक्षयकुमार दत्तांच्या १८५६ च्या ‘पदार्थविद्या’पासून १९४८ मध्ये सत्येंद्रनाथ बसूंनी काढलेल्या बंगीय विज्ञान परिषदेपर्यंत त्या भाषेने शास्त्र घरी आणण्याचा ध्यास सोडला नाही. आपल्याकडे १९२८ पासूनचे ‘सृष्टिज्ञान’ आणि १९६६ ची मराठी विज्ञान परिषद याच वाटेच्या खुणा. कलकत्त्यातील मराठी मुलाला हे दोन्ही शब्द ऐकावयास मिळतात. घरच्या शब्दाची साथ सुटली तर मात्र त्याच्यापाशी फक्त परीक्षेचा शब्द उरेल.

म्हणून धडा शहराच्याच क्रमाने द्यावा. पौष-माघात, हवा कोरडी असताना, कोरड्या केसांतून फणी फिरवून कागदाचे कपटे उचलावयास लावावेत. हाच खेळ आषाढात फसतो, आणि तो का फसतो हे विचारले की दमट हवा विजेस टिकू देत नाही, हे मूल स्वतःच शोधते. शिवणाची सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने वीसेक वेळा घासून बुचावर ठेवावी आणि वाटीतील पाण्यात तरंगू द्यावी. ती उत्तर दाखवील. मग विजेरीतील एका घटाची दोन टोके तारेने क्षणभर जोडून ती तार सुईवर धरावी, सुई कलेल. घट उलटा केला की दुसरीकडे कलेल. एवढ्यात डायमंड हार्बरचे तारायंत्र घरच्या टेबलावर तयार झाले. भिंतीतील विजेशी मात्र खेळ नाही, हे आधीच बजावावे. १८३९ सालचा बोटाचा प्रयोग इतिहासातच राहू द्यावा. नंतर सुट्टीच्या दिवशी गुरुसदय रस्त्यावरील १९५९ पासूनच्या बिर्ला उद्योग संग्रहालयात न्यावे आणि व्याख्या सर्वांत शेवटी सांगावी.

व्याख्या तेव्हा पाठ करावी लागत नाही. सुई कलताना ज्याने पाहिली त्याला ती तोंडपाठ असते, आणि ती आपल्या भाषेत असते.